पाटीवरचे मेगावॅट, विहिरीवरची मोटार

सौर प्रकल्पाच्या फाटकावर एक पाटी असते आणि तिच्यावर एक आकडा असतो: दोन मेगावॅट, तीन मेगावॅट, पाच मेगावॅट. उद्घाटनाच्या बातमीत तोच आकडा येतो, भाषणातही तोच. वीजक्षेत्रात इतका फसवा आकडा दुसरा क्वचितच सापडेल. तो खोटा नसतो. पण त्यावरून प्रकल्प वर्षभरात किती वीज देणार हे कळत नाही, ती कोणत्या वेळी मिळणार हे कळत नाही आणि ती कोणाच्या कामाची आहे हे तर मुळीच कळत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे एकाच प्रकल्पाच्या आधाराने शोधता येतील.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या वैजापूर तालुक्यात धोंदलगाव आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये इथे सुरू झाला. त्याची क्षमता ३ मेगावॅट, जागा सुमारे १३ एकर आणि लाभ १,७५३ शेतकऱ्यांना. त्या वर्षी ५ ऑक्टोबरला पंतप्रधानांच्या हस्ते राज्यातल्या अशा पाच प्रकल्पांचे लोकार्पण वाशीम जिल्ह्यात झाले. धोंदलगावसोबत नांदेड, कोल्हापूर, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतले प्रकल्प त्यात होते आणि पाचांची मिळून क्षमता होती १९ मेगावॅट. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्याच्या शेजारी हे १९ मेगावॅट ठेवले तर हसू येईल. पण या प्रकल्पांना चंद्रपूरची जागा घ्यायचीच नाही. त्यांचे काम वेगळे आहे आणि ते कळण्यासाठी आधी त्या १३ एकरांत काय चालते ते पाहायला हवे.

सिलिकॉनच्या पातळ चकतीवर ऊन पडले की तिच्यातले इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि चकतीतल्या अंगभूत विद्युतक्षेत्रामुळे एका दिशेने वाहू लागतात. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत १९५४ साली कामापुरती वीज देणारा पहिला सिलिकॉन घट दाखवला गेला, तेव्हा तो उन्हातल्या ऊर्जेपैकी सुमारे ६ टक्केच विजेत बदलत होता. आज बाजारात मिळणारे साधे पॅनल २१-२२ टक्क्यांपर्यंत जाते. सव्वादोन मीटर लांब आणि सव्वा मीटरला थोडे कमी रुंद असे एक पॅनल ५५० वॅटचे असते.

आता ३ मेगावॅटची जोडणी असलेला एक नमुना प्रकल्प कागदावर मांडू. हे आकडे धोंदलगावच्या वहीतले नाहीत. या आकाराच्या कुठल्याही प्रकल्पाला साधारण लागू पडतील असे आहेत. पाटीवर ३ मेगावॅट असले तरी आत पॅनल बहुधा ४ मेगावॅटच्या आसपास बसवलेली असतात. ५५० वॅटची पॅनल धरली तर ती झाली सव्वासात हजार. त्यांच्या काचेचे एकूण क्षेत्रफळ साधारण १९ हजार चौरस मीटर, म्हणजे पावणेपाच एकर भरते. मग १३ एकर कशाला लागतात? एका रांगेची सावली मागच्या रांगेवर पडू नये म्हणून मध्ये मोकळी जागा सोडावी लागते. शिवाय धुण्यासाठी वाट हवी, केबलचे चर हवेत, ट्रान्सफॉर्मर हवा आणि कुंपणही हवे.

पाटी तीनची आणि पॅनल चारची, हा घोळ नव्हे. ५५० वॅट हा आकडा कारखान्यातल्या चाचणीचा असतो: प्रत्येक चौरस मीटरवर १,००० वॅट ऊन आणि पॅनलचे तापमान २५ अंश. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी ऊन तेवढे मिळते, पण पॅनल तापून ६० ते ६५ अंशांवर गेलेले असते. सिलिकॉनला उजेड मानवतो, उष्णता मानवत नाही. तापमान एक अंशाने वाढले की उत्पादन सुमारे ०.३५ टक्क्याने घटते. पस्तीस-चाळीस अंशांच्या फरकाने १२ ते १४ टक्के वीज तिथेच जाते आणि ५५० वॅटचे पॅनल ४८० वॅटच्या आसपास येऊन थांबते. धूळ, केबल, इन्व्हर्टर आणि ट्रान्सफॉर्मर आपापला वाटा काढून घेतात तो वेगळाच. उन्हाळ्यात सौर वीज सर्वांत जास्त मिळत असणार असा आपला समज असतो. महिन्याच्या बेरजेत एप्रिल पुढे असतो, कारण दिवस मोठा आणि आकाश मोकळे असते. पण दुपारची एकेक घटका मोजली तर डिसेंबर-जानेवारीतली गार, स्वच्छ दुपार मे महिन्याच्या दुपारच्या तोडीची ठरते.

गारव्याची दुसरी बाजूही आहे. पॅनल एकामागोमाग एक जोडून माळ केली जाते, एका माळेत २५ ते २८. थंडीत पॅनलचा व्होल्टेज वाढतो. माळेतली पॅनल किती ठेवायची हे त्यामुळे उन्हाळा पाहून ठरत नाही, वर्षातली सर्वांत थंड सकाळ पाहून ठरते. निफाडकडे पारा चार-पाच अंशांवर उतरतो, त्या सकाळी पहिले ऊन पडताच माळेचा एकूण व्होल्टेज १,५०० व्होल्टच्या मर्यादेबाहेर गेला तर यंत्रे जळतील. द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात त्याच पहाटेचा हिशेब सौर अभियंत्यालाही धरावा लागतो.

माळेची आणखी एक खोड आहे. पाइपलाइन एका जागी चेपली तरी पुढे पाणी कमीच येते, तसे एका पॅनलवर सावली पडली तरी सगळ्या माळेचा प्रवाह दबतो. प्रत्येक पॅनलच्या पाठीमागे असलेले डायोड हे नुकसान आटोक्यात ठेवतात, पण ते पूर्ण टळत नाही. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत, कुंपणालगतची बाभूळ, खालच्या पट्टीवर साचलेला चिखल अशा क्षुल्लक गोष्टींचा हिशेब म्हणूनच हजारो युनिटांत जातो. प्रकल्पावर सर्वांत जास्त वेळ कशात जात असेल तर तो गवत काढण्यात आणि पॅनल धुण्यात. एका पॅनलला दीड-दोन लिटर पाणी धरले तरी एका धुण्याला मोठा टँकर पुरत नाही. बोअरचे जड पाणी वापरले तर काचेवर क्षारांचे पांढरे थर बसतात आणि धुण्याचा उपयोग निम्मा होतो. धुणे पहाटे किंवा संध्याकाळी होते: तापलेल्या काचेवर गार पाणी मारणे बरे नव्हे, शिवाय दुपारची कमाईही बुडते. आणि ज्या गावात पिण्याच्या पाण्यासाठी टँकर येतो तिथे काचा धुण्यासाठी पाणी कुठून आणायचे, हा प्रश्न गावकरी विचारतात तेव्हा त्यांना विकासविरोधी म्हणू नये.

गारपिटीची भीती मात्र थोडी अवास्तव आहे. २५ मिलिमीटर व्यासाचा बर्फाचा गोळा ताशी ८० किलोमीटरहून अधिक वेगाने काचेवर मारून पॅनल तपासलेले असते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा आणि विदर्भाने जी गारपीट भोगली, तिच्यातल्या मोठ्या गारा या चाचणीच्या पलीकडच्या होत्या. पण तशी गारपीट नेहमीची नव्हे.

पॅनलमधून निघते ती एकदिश वीज. तिची प्रत्यावर्ती वीज करण्याचे काम इन्व्हर्टर करतो. ट्रान्सफॉर्मर ती ११ किंवा ३३ केव्हीवर चढवतो आणि छोट्या लाईनने ती जवळच्या महावितरणच्या उपकेंद्रात जाते. पाटीवरचा आकडा या टोकाचा असतो. गार हवेच्या स्वच्छ दुपारी चार मेगावॅटची पॅनल तीनपेक्षा जास्त द्यायला तयार असतात, पण इन्व्हर्टर तीनच्या वर जाऊ देत नाही. त्या दिवसाचा आलेख डोंगराच्या शिखरासारखा न दिसता माथा कापल्यासारखा सपाट दिसतो. थोडी वीज वाया गेली असे वाटते, पण त्या बदल्यात सकाळी नऊला आणि दुपारी चारलाही प्रकल्प बऱ्यापैकी वीज देत राहतो. पॅनल स्वस्त झाली तेव्हापासून हा सौदा परवडू लागला.

वर्षाची बेरीज आता करता येईल. १ मेगावॅट म्हणजे १,००० किलोवॅट. त्या जोराने एक तास वीज वाहिली की १,००० युनिट होतात. वर्षात ८,७६० तास. ३ मेगावॅट रात्रंदिवस चालले असते तर २ कोटी ६३ लाख युनिट मिळाले असते. प्रत्यक्षात आपल्याकडे १ किलोवॅट पॅनल दिवसाला सरासरी चार-सव्वाचार युनिट देते. ४ मेगावॅट पॅनलचे दिवसाला साडेसोळा हजारांच्या आसपास, वर्षाला ६० लाख युनिट होतात. कमाल शक्यतेच्या हे साधारण २३ टक्के. रात्र आहे, ढग आहेत, सकाळ-संध्याकाळचे तिरके ऊन आहे. सगळे मिळून तीन-चतुर्थांशाहून जास्त वाटा जातो. म्हणून ३ मेगावॅट कोळशाचे आणि ३ मेगावॅट उन्हाचे हे एकसारखे नाहीत, आणि त्यांची नुसती बेरीज करून राज्याची क्षमता इतकी वाढली म्हणणारे लोक एक तर घाईत असतात किंवा निवडणुकीत.

६० लाख युनिट १,७५३ शेतकऱ्यांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ३,४०० युनिट येतात. पाच एचपीची मोटार चालताना साधारण साडेचार किलोवॅट वीज घेते. म्हणजे सुमारे ७६० तास, किंवा दिवसाला आठ तासांप्रमाणे ९५ दिवसांचे पाणी. वार्षिक हिशेब जुळतो आहे असे वाटते. पण सगळ्यांच्या मोटारी पाच एचपीच्या धरून त्या एकाच वेळी चालू केल्या तर लागतील जवळजवळ ८ मेगावॅट, आणि प्रकल्प भर दुपारीही तीनच देतो. ही तफावत ग्रिड भरून काढते. ज्या दिवशी पाऊस झाला आणि मोटारी बंद राहिल्या त्या दिवशी प्रकल्पाची वीज उपकेंद्रातून दुसऱ्या फीडरवर, गावठाणाकडे किंवा उलट ३३ केव्हीवर निघून जाते. ज्या दिवशी सगळ्यांचीच पिके तहानलेली असतात त्या दिवशी उरलेली वीज बाहेरून येते. धोंदलगावचे शेतकरी उन्हाच्या विजेवर चालतात हे वार्षिक बेरजेत खरे, दुपारी बाराच्या एखाद्या ठोक्याला अर्धेच खरे.

इथेच एक गोष्ट गावकऱ्यांना विचित्र वाटते. लख्ख ऊन पडलेले असते, पॅनल चमकत असतात आणि तरीही लाईट गेलेली असते. फॉल्ट होऊन ११ केव्हीची लाईन बंद पडली की प्रकल्पाचे इन्व्हर्टर क्षणात आपणहून थांबतात. त्यांना तसेच बनवलेले असते. नाहीतर लाईन बंद आहे असे समजून खांबावर चढलेल्या वायरमनच्या जिवावर बेतेल. ग्रिडचा व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची लय समोर असल्याशिवाय हे इन्व्हर्टर वीज देत नाहीत. तेव्हा गावाजवळ प्रकल्प आला म्हणजे लाईट जाणे थांबेल, ही समजूत कोणी करून दिली असेल तर ती चुकीची आहे. लाईनवर फांद्या घासत असतील, क्षमतेपेक्षा जास्त जोडण्यांनी डीपी तापत असेल, फीडरच्या शेवटच्या टोकाला व्होल्टेज पडून मोटार जळत असेल, तर त्यावर सौर पॅनल हा उपाय नाही. तिथे नवा डीपी, जाड तार आणि वेळेवर येणारा वायरमन लागतो.

मग या प्रकल्पांचे खरे मोल कशात आहे? वेळेत.

महाराष्ट्रात शेतीपंपांना थ्री फेज वीज आळीपाळीने मिळत आली: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री दहा तास. कोळशाच्या केंद्रांना रात्री मागणी कमी असते म्हणून शेतीचा भार रात्रीकडे ढकलला गेला. जुळणी विजेची होती, माणसाची नव्हती. रात्री दारे धरायला जाणाऱ्याला अंधार, चिखल, साप आणि विंचू. जुन्नर-नाशिकच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याही. ज्याला जाणे जमत नाही तो ऑटो स्विच लावतो. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते आणि पाणी वाफा भरून बांधावरून वाहिले तरी बंद करायला कोणी नसते. थ्री फेज नसताना सिंगल फेजवर कपॅसिटर लावून मोटार ओढणारेही आहेत, त्यात मोटारही जळते आणि डीपीही.

२०१७ मध्ये राज्य सरकारने सौर कृषी वाहिनी योजना आणली. अण्णा हजारेंचे राळेगणसिद्धी हे प्रायोगिक प्रकल्पाच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक होते. २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला. कल्पना साधी होती: शेतीचा फीडर गावठाणापासून वेगळा करायचा, उपकेंद्राजवळ पाच-दहा किलोमीटरच्या आत छोटा प्रकल्प उभारायचा आणि त्या फीडरला दिवसा वीज द्यायची. मोठा सौर प्रकल्पही राज्याने पाहिला होता. धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ महानिर्मितीने १२५ मेगावॅटचा प्रकल्प एका जागी उभारला. पण शेतीसाठी एका जागचे १२५ मेगावॅट आणि चाळीस उपकेंद्रांवरचे तीन-तीन मेगावॅट यांत फरक आहे. छोट्या प्रकल्पाची वीज थेट उपकेंद्रात येते आणि बरीचशी त्याच परिसरात संपते. मोठ्या पारेषण वाहिन्या नवीन टाकाव्या लागत नाहीत आणि लांबच्या प्रवासातली गळतीही वाचते. मोठ्या प्रकल्पाच्या मानाने प्रति मेगावॅट खर्च थोडा जास्त येतो, पण दुसऱ्या टप्प्यातले बरेच करार युनिटमागे तीन रुपयांच्या आसपास झाले आहेत आणि तो दर २५ वर्षे तोच राहतो. कोळशाच्या विजेबद्दल २५ वर्षांची अशी हमी देणारा कोणी भेटणार नाही.

मला या योजनेत सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते ती वेगळीच. सौर वीज आणि शेतीपंप यांचे स्वभाव जुळतात. घराला वीज संध्याकाळी हवी असते, तेव्हा सूर्य नसतो. म्हणून तिथे महागड्या बॅटऱ्यांची चर्चा येते. मोटारीला अमुकच मिनिटाला वीज हवी असे नसते. ढग येऊन दहा मिनिटे उत्पादन पाव झाले तरी पीक वाळत नाही. पाणी विहिरीत किंवा शेततळ्यात असतेच, मातीतही काही दिवस ओल टिकते; साठवण शेतातच आहे. वर्षाचे चक्रही बरेचसे जुळते. जुलै-ऑगस्टमध्ये उत्पादन एप्रिलच्या मानाने खूप उतरते, विदर्भातल्या झडीत तर पॅनल आठवडाभर नुसती भिजत उभी असतात. पण तेव्हा मोटारींनाही काम नसते. पावसाने ओढ दिली की पाणी द्यावे लागते, आणि ओढ दिली म्हणजे ऊन असतेच. नोव्हेंबर ते मार्च हा रब्बीचा, म्हणजे शेतीच्या वीजमागणीचा जोर असतो. त्या काळात आकाश निरभ्र आणि हवा गार, पॅनलला हवी तशी.

पैशांचा भाग थोडक्यात. खासगी जमीन भाड्याने घेतली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असे दुसऱ्या टप्प्यात ठरले. कोरडवाहू, मुरमाड जमिनीला हे भाडे वाईट नाही. सरकारी जागा म्हणून गायरानही दिले जाते, तिथे मात्र प्रश्न अवघड होतो. कागदोपत्री पडीक दिसणाऱ्या गायरानावर कोणाच्या शेळ्या चरतात, कोणाचे वाडगे उठते-बसते. भाडे ज्याला मिळते आणि चराई ज्याची जाते ती माणसे वेगळी असतात. प्रकल्प आला की योजनेतून ग्रामपंचायतीला अनुदान मिळते, पण ते मेंढपाळापर्यंत पोचत नाही. रोजगाराच्या बाबतीतही फार आशा लावू नये. उभारणीचे काही महिने काम असते. नंतर तीन मेगावॅटला रखवालदार, एखादा तंत्रज्ञ आणि धुण्या-कापण्यापुरते मजूर पुरतात.

पाण्याचा मुद्दा याहून गंभीर आहे. एप्रिल २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांचे वीजबिल राज्य सरकार पाच वर्षांसाठी भरते आहे. दिवसा वीज, तीही फुकट. रात्रीच्या ऑटो स्विचने वाया जाणारे पाणी दिवसाच्या विजेने वाचेल हे खरे. शेतकरी समोर उभा असेल तर वाफा भरल्यावर मोटार बंद करील. पण उसाला आणखी एक पाळी द्यायला आता अंधाराची अडचण नाही आणि बिलाचीही नाही. जिथे बोअर दरवर्षी खोल जात आहेत तिथे उन्हाची वीज भूजल संपवण्याचा वेगही वाढवू शकते. पॅनलचा यात दोष नाही, पण ठिबक आणि पीकपद्धतीचा विचार फीडरच्या विचारापासून तोडून करता येणार नाही.

या प्रकल्पांचे आयुष्य २५ वर्षांचे धरलेले आहे. दरवर्षी उत्पादन अर्ध्या टक्क्याच्या आसपास उतरत जाते. पॅनल बहुधा ही मुदत पुरी करतील, इन्व्हर्टर मध्येच एकदा बदलावे लागतील. गवत वेळेवर काढले, काचा धुतल्या, उपकेंद्र आणि लाईन धड ठेवली तर पंचविसाव्या वर्षीही नव्वद टक्क्यांजवळ वीज मिळत राहायला हरकत नाही. दुर्लक्ष झाले तर पाचव्या वर्षीच पाटीवरचा आकडा शोभेचा होईल.

म्हणून तुमच्या गावाजवळ असा प्रकल्प असेल तर त्याचे मेगावॅट विचारू नका. गेल्या वर्षी उपकेंद्रातल्या मीटरवर किती युनिट नोंदले गेले ते ग्रामसभेत विचारा. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत तुमचा फीडर किती तास बंद होता तेही विचारा. आणि ग्रामपंचायतीला मिळालेले अनुदान कशावर खर्च झाले, याचेही उत्तर मागा.